देवाचं नाव न काढता

अमरावतीत लोक आम्हाला बहुधा वॉटर फिल्टरवाले समजायचे. पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि पाठीला सॅक. असे दोघे तरुण भर दुपारी सायकलवरून चाललेत म्हटल्यावर दुसरं कोण असणार? राजापेठेत एका भाजीवालीने मला थांबवून ब्लडप्रेशरची गोळी रात्री घ्यायची की सकाळी, असं विचारलं होतं. एका निवृत्त प्राध्यापकांनी आम्हाला अगत्यानं घरी बोलावलं. त्यांना अमेरिकन माणसाशी इंग्रजी बोलायचं होतं. एक पुण्याचा आणि दुसरा राजमहेंद्रीचा निघाल्यावर त्यांनी चहा अर्ध्या कपावर आटोपता घ्यायच्या बेतानं घड्याळाकडे पाहिलं. त्यात आम्ही चहाही पीत नाही म्हणालो. ते त्यांना फारच लागलं.

मी तेव्हा मिशनरी होतो. मॉर्मन मिशनरी. ख्रिस्ती लोकांमधलाच हा एक लहान पंथ. चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. या पंथातली मुलं विशीच्या आसपास दोन वर्षं घर सोडून सेवेला जातात. पगार नाही. कुठे जायचं हे आपण ठरवायचं नाही, सोबती कोण हेही नाही. सोबत्याला एक मिनिट नजरेआड करायचं नाही, घरी आठवड्यातून एकदा फोन. सोबती रोज चोवीस तास समोर असतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात त्याच्या जेवण्याच्या आवाजाचाही राग येतो. माझा सोबती डॅनियल. सहा फूट उंच, तेलुगू, मोडकं हिंदी, बोलणं फार कमी. आम्हाला एकमेकांना नावानं हाक मारायची नसे. तो मला ‘एल्डर साळवे’ म्हणायचा. एल्डर म्हणजे वडीलधारा. आम्हा दोघांना नीट दाढीही येत नव्हती.

बाहेरच्यांना वाटतं की मिशनरी म्हणजे दारोदार फिरून धर्म विकणारा. आम्हाला सक्त ताकीद होती, बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. त्यामुळे आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे वाट पाहणं. अचलपूरच्या एका माणसानं आम्हाला फोन करून बोलावलं. एसटीनं गेलो, दाराला कुलूप. त्यानं माफी मागून पुन्हा बोलावलं. पुन्हा कुलूप. शेवटी शेजारीण म्हणाली, ‘तो घरातच हाय बाप्पा, मांगच्या दारानं गेला.’ परतीच्या एसटीत मी चडफडत होतो. डॅनियल खिडकीला डोकं टेकून झोपला होता.

अमरावती आणि अकोला मिळून आमचा एक विभाग. त्यात आमच्या पंथाची घरं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अशा ठिकाणी आम्हाला बंगळुरूहून मिलिंद गोंडाणेचा फोन आला.

मिलिंद मूळचा वलगावचा. बंगळुरूत नोकरीला असताना त्यानं बाप्तिस्मा घेऊन आमचा पंथ स्वीकारला होता. त्याच्या आईला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला होता. ‘माझे बाबा माझ्याशी बोलत नाहीत,’ तो म्हणाला, ‘घरात पाय ठेवू नको म्हणाले. तुम्ही फक्त आईला बघून या. लागेल ती मदत करा.’

वलगाव अमरावतीपासून जवळ. दुसऱ्याच दिवशी गेलो. दार उघडलं नामदेवरावांनी, मिलिंदच्या वडलांनी. विजेच्या खात्यात लाईनमन होते. डीपीवर शॉक लागून उजवा हात कोपरापासून वाळलेला. त्यांच्या मागे भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं.

‘कोणं पाठोलं?’

‘मिलिंदनं. मावशींची तब्येत बरी नाही असं कळलं...’

त्यांनी माझ्या छातीवरची पट्टी सावकाश वाचली. ‘तुमी तेच न? त्याले पाण्यात बुडवणारे?’

मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, ‘हे पाय बाबू. बाबासाहेबानं आमाले एका दावणीतून सोडवलं. आता दुसऱ्या कोण्या देवाच्या दावणीले बांधाले आले का तुमी? जा.’

दार लागलं. आतून बाईंचा खोकला ऐकू आला. नियमानं आमचं काम तिथे संपलं. बोलावलेलं नव्हतं, आणि आता तर जा असं सांगितलं होतं. डॅनियलनं माझा फोन नंबर एका कागदावर लिहिला, दाराच्या फटीत ठेवला आणि आम्ही निघालो.

नामदेवरावांचा फोन आला तो सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत. मिलिंदच्या आईला, कौसल्याबाईंना, अकोल्याला शेक द्यायला न्यायचं होतं. कॅन्सरला जे किरण देतात त्याला तिकडे शेक म्हणतात. अकोल्यात नंबर लवकर लागला होता आणि त्यांची बहीण शांताबाई तिथेच कौलखेडला राहायची, म्हणून मुक्काम तिच्याकडे करायचा होता. प्रश्न उचलण्याचा होता. बाई चालू शकत नव्हत्या, नामदेवरावांच्या एका हातात जोर नव्हता आणि शेजारपाजारचे सगळे वावरात होते.

‘येता का?’ ते फोनवर म्हणाले. मग थोडं थांबून, ‘पण एक सांगतो. माह्या घरात देवाचं नाव काढाचं नाही. तुमचा ना दुसऱ्याचा.’

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर डॅनियलला सांगितलं. तो म्हणाला, ‘ठीक है. नाम नहीं लेंगे. काम करेंगे.’

पुढचे अडीच-तीन महिने आम्ही ते काम केलं. कौसल्यामावशींना गाडीत ठेवायचं, गाडीतून काढायचं, दवाखान्याच्या व्हरांड्यात नंबर येईपर्यंत बसायचं. शेक काही मिनिटांचा, वाट पाहणं अर्ध्या दिवसाचं. मशीन बंद पडलं की परत जायचं. तिथे बसलेल्या माणसांच्या गळ्यावर, गालावर जांभळ्या शाईच्या खुणा असायच्या, शेक कुठे द्यायचा त्याच्या. खेड्यांतून आलेली माणसं डबे उघडून जेवायची आणि ज्यांना गिळता येत नाही ते तोंड फिरवून बसायचे. मावशी तोंड फिरवायच्या नाहीत. समोरच्या बाईच्या डब्यात काय आहे ते नीट बघायच्या.

त्यांना नाकातून नळी घातली होती. दूध, वरणाचं पाणी, गाळलेली पेज, सगळं त्यातून. एका हातानं ते जमण्यासारखं नसल्यामुळे नर्सनं आम्हाला शिकवलं. सिरिंज नळीला लावायची आणि उंच धरायची. दट्ट्या दाबायचा नाही. दाबलं की उलटतं, फुफ्फुसात जाऊ शकतं. नुसतं वर धरून ठेवायचं, त्याचं ते उतरतं. एक वाटी पेज उतरायला एवढा वेळ लागतो की हात भरून येतो. मला घाई व्हायची. पेज नळीत थबकली की माझं बोट आपोआप दट्ट्याकडे जायचं. डॅनियल काही न बोलता माझं बोट बाजूला करायचा.

तो सिरिंज लावण्याआधी क्षणभर डोळे मिटायचा. नामदेवरावांच्या लक्षात आलं.

‘काहून रे, डोये काहून मिटते हा? झोप लागते का?’

डॅनियलनं सरळ सांगितलं, ‘प्रार्थना किया, अंकल. बिना आवाज का.’

नामदेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. ‘आवाज नाही न? मंग चालते,’ म्हणाले आणि बिडी ओढायला बाहेर गेले. मावशी हसल्या. हसल्यावर त्यांना खोकला यायचा, तरी हसल्या.

माझीही प्रार्थना बिनआवाजाची चालली होती. रोज एकच, त्यांना गिळता येऊ दे. मी वीस वर्षांचा होतो आणि मागितलेलं मिळतं, उशिरा का होईना, यावर माझा पूर्ण विश्वास होता. दर आठवड्याला डॉक्टर विचारायचे, पाणी पिऊन पाहिलं का? आम्ही चमच्यानं पाणी द्यायचो. दर आठवड्याला ते नाकातोंडातून बाहेर यायचं. मावशी पदरानं तोंड पुसून आमच्याकडे अशा बघायच्या की जणू आमचीच निराशा झाली म्हणून त्यांना वाईट वाटतंय.

शेक संपायला आले तेव्हा डॉक्टरांनी नामदेवरावांना बाजूला घेऊन सांगितलं की फारसा उपयोग झालेला नाही. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी बसायला जागा असूनही ते व्हरांड्यात उभेच राहिले.

मिलिंदला मात्र कळलं. कौसल्यामावशी त्याच्याशी शांताबाईंच्या फोनवरून चोरून बोलत. त्याच संध्याकाळी त्यानं मला फोन केला.

‘साळवे, आईला बाप्तिस्मा द्या. ती हो म्हणाली आहे.’

आमच्यात बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात पूर्ण बुडवून बाहेर काढणं. नाकात नळी असलेल्या बाईला! पण खरी अडचण ती नव्हती. ज्याला घ्यायचा आहे त्यानं समजून, स्वतःहून मागावा लागतो, आणि लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत नवऱ्याची संमती लागते. मी त्याला हे सांगितलं.

‘बाबा कधीच देणार नाहीत, तुला माहीत आहे. तू नियम सांगून राहिला आणि माझी आई मरून राहिली! तिच्याशिवाय मी पुढे काय करू? आमचं कुटुंब एकत्र राहणार कसं?’

हे त्याचं बोलणं आमच्या पंथातल्या माणसालाच पूर्ण कळेल. कुटुंब मरणानंतरही एकत्र राहतं, पण त्यासाठी सगळ्यांचे विधी व्हावे लागतात, अशी आमची श्रद्धा. मिलिंद आडमुठा नव्हता. तो घाबरला होता.

दुसऱ्या दिवशी नामदेवराव औषधं आणायला गेले असताना मावशींनी मला जवळ बोलावलं. आवाज बसला होता. कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागायचा.

‘मिलिंदले सांगजो, आई हो म्हणे. झालं म्हणून सांगजो. त्याचा जीव थंडा होईन.’ मग नामदेवराव गेले होते त्या दाराकडे पाहून म्हणाल्या, ‘आन यायले काही सांगू नको. यायचा जीव जाईन.’

म्हणजे त्या मला खोटं बोलायला सांगत होत्या. एकाला खोटं सांगून आणि दुसऱ्यापासून लपवून दोघांनाही शांत करायचं. मी विचारलं, ‘मावशी, पण तुम्हाला काय पाहिजे?’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी विचित्रच विचारलंय.

‘मले? मले ठेच्यासंग भाकर खाऊ वाटते रे.’ डोळ्यांतून पाणी आलं. ‘आन पोरगा यावा. बस.’

भाकर मी देऊ शकत नव्हतो. डॅनियलला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘दूसरा काम तो कर सकते हैं.’

मी मिलिंदला फोन लावला. ‘मावशींना बाप्तिस्मा नको आहे. त्यांना तू पाहिजे आहेस. तुझ्यासाठी त्या हो म्हणाल्या.’

मग तो म्हणाला, ‘तू मिशनरी आहेस ना रे? मिशनरी असून हे बोलतोस?’ आणि फोन बंद केला.

मला वाटलं आता तक्रार होईल, मला परत पाठवतील. काही झालं नाही. दोन दिवसांनी कौलखेडच्या घरासमोर रिक्षा थांबली आणि मिलिंद उतरला. बापासारखाच उंच कपाळाचा, हातात लॅपटॉपची बॅग. नामदेवराव पायरीवर बसले होते. दाराकडे जायला दुसरी वाट नव्हती. बाप मुलाकडे पाहीना, मुलगा ‘बाबा’ म्हणेना. आत आम्ही सिरिंज धरून उभे. शांताबाई हातातलं काम टाकून दाराच्या आड थांबल्या होत्या. बराच वेळ असा गेला. मग नामदेवरावांनी पायरीवर पसरलेले पाय एका बाजूला घेतले. तेवढंच. मिलिंद त्यांच्या शेजारून आत आला.

मावशींना तो दिसला तेव्हा त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. आवाज उरलाच नव्हता. त्याचा चेहरा त्या दोन्ही हातांनी चाचपत राहिल्या. थोड्या वेळानं त्यानं डॅनियलच्या हातातून सिरिंज मागून घेतली. पेज थबकली आणि त्यानं दट्ट्या दाबला. त्यांना जोराचा ठसका लागला. बाहेरून नामदेवराव ओरडले, ‘दाबू नको म्हणा त्याले!’ मुलाशी बोललेलं ते त्यांचं कित्येक महिन्यांतलं पहिलं वाक्य, तेही आमच्यामार्फत.

मिलिंद आला तो परत गेला नाही. सगळे मिळून मावशींना वलगावला घेऊन आले. त्यानं बाप्तिस्म्याचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही. थंडी सरता सरता एका सकाळी त्या गेल्या. शेवटच्या काही दिवसांत त्या पाण्याच्या एका थेंबासाठी तळमळायच्या आणि आम्ही ओठांवरून ओला कापूस फिरवायचो. माझी रोजची प्रार्थना अशी संपली. कुणी सांगतील की तिला दुसऱ्या रीतीनं उत्तर मिळालं. तसं असेलही. मी ते कापूस ओला करणं पाहिलं आहे. त्यामुळे मला ते इतक्या सहज म्हणता येत नाही.

अंत्ययात्रेला सगळे पांढऱ्या कपड्यांत आले होते. त्या दिवशी आमचे शर्ट कुणाला वेगळे वाटले नाहीत. आमचे टाय आम्ही खिशात ठेवले होते. त्रिशरण, पंचशील झालं. मिलिंद हात जोडून उभा होता. ओठ मिटलेले. नामदेवरावांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं. पाली शब्द मला येत नव्हते. डॅनियलला तर मराठीही येत नव्हती. तो नेहमीसारखा डोळे मिटून उभा राहिला.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावर संध्याकाळी ओसरीवर आम्ही चौघेच उरलो. मिलिंद दुसऱ्या दिवशी बंगळुरूला निघणार होता. तो बापाला म्हणाला, ‘बाबा, एक सांगायचं होतं. लपवून करायचं नाही म्हणून सांगतो.’ आणि त्यानं सांगितलं. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं बाप्तिस्मा घेता येतो. आमच्या मंदिरात होतो तो विधी. काही काळानं तो आईचं नाव पाठवणार होता.

आता वादळ होणार असं मला वाटलं. नामदेवराव शांतच होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

‘साळवे, तू सांग. तिले न इचारता कसं काय जमते हे?’

हे मी बऱ्याच जणांना समजावलं होतं. अगदी पाठ होतं. मी म्हणालो, ‘काका, त्यात सक्ती नाही. इथे फक्त विधी होतो. पलीकडे त्यांनी तो मानायचा की नाही हे त्यांच्या मनावर असतं. नको असेल तर त्या तिथे नाही म्हणू शकतात.’

नामदेवरावांनी वाळलेला हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं तो चोळत राहिले.

‘तिनं जन्मात कोणाले नाही म्हणलं नाही,’ ते म्हणाले. ‘मले नाही, सासूले नाही, याले नाही. तिथं गेल्यावर म्हणीन?’

मिलिंद तिथेच रडायला लागला. आईला नेतानाही तो रडला नव्हता. नामदेवराव उठले नाहीत, त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. पण आतही गेले नाहीत. मी डॅनियलकडे पाहिलं. पूर्ण उत्तर फक्त त्याच्याकडे असावं असं मला तेव्हा नेहमी वाटायचं. त्याला तो मराठी संवाद कळलाच नव्हता. वाटेत मी त्याला समजावून सांगितलं तेव्हा त्यानं सायकल थांबवली आणि बराच वेळ हँडल धरून उभा राहिला.

उन्हाळ्यात आमची बदली झाली, त्याची एकीकडे, माझी दुसरीकडे. आता मी पुण्यात शाळेत शिकवतो आणि रविवारी आमच्या सभेला जातो. लोक विचारतात, त्या दोन वर्षांत किती जणांना धर्मात आणलं? अमरावती आणि अकोल्यात एकालाही नाही, असं मी सांगतो. मग ते विषय बदलतात. श्रद्धा गेली का म्हणाल, तर गेली नाही. पण विशीतली ती हक्कानं मागणारी श्रद्धा आता उरलेली नाही. आता प्रार्थनेत मी मागतो कमी, थांबतो जास्त.

गेल्या वर्षी मिलिंद कामासाठी पुण्याला आला होता. रविवारी सभेनंतर आम्ही बाहेर बाकावर बसलो. बाबा वलगावलाच, एकटे, हट्टानं स्वतःचा स्वयंपाक करतात, असं त्यानं सांगितलं. आठवड्याला फोन होतो, तब्येत आणि पाऊसपाणी एवढंच बोलतात. आमच्या धर्माबद्दल एक अक्षर नाही.

मी विचारलं, ‘मावशींचं नाव पाठवलंस?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘दर वर्षी ठरवतो. मग आई दिसते, मान हलवून हो म्हणताना.’

आत पुढच्या सभेची मंडळी गाणं म्हणायला लागली होती. मी त्याला काही समजावलं नाही. आम्ही दोघे बाहेरच बसून राहिलो.